मशीननं झील धरावी
(नांदगाव खंडेश्वर इथं केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय. फक्त अडखळणं कमी केलंय.)



मला कविता वाचायला बोलावलंय. कविता वाचणार नाही. एक फीत आणलीय. फीत म्हणायचं, आहे मोबाइलातच. वाजवायच्या आधी थोडं बोलतो. नाही तर तुम्ही म्हणाल, पोरगं मुंबईच्या गोदीत ओझी उचलून उचलून बधिर झालं.

रेडिओवर एक प्रकार असतो. नाटक नाही, गाणं नाही, बातमी तर नाहीच. माणसं बोलतात, आणि त्या बोलण्याच्या शेजारून, कधी त्या बोलण्यातूनच, मशीन सूर उपजवतं. पेटीवर बोटं ठेवणारा कुणी नसतो. १९४८ साली पॅरिसच्या रेडिओवर पिएर शेफर नावाच्या माणसानं आगगाडीचे आवाज कापून-जोडून लावले, तिथून ही वाट फुटली. आपल्या देशातही मशीन आलं होतं. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसला. बसवायला अमेरिकेचा डेव्हिड ट्यूडर आला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर रचना केल्या. १९७२ पर्यंतच्या त्या फिती कितीतरी वर्षं पडून राहिल्या. २०२३ मध्ये त्यांची रेकॉर्ड निघाली. मी ऐकली. चांगली आहे, उगाच नावं ठेवणार नाही. पण मला तीत आपल्या वस्तीतलं कुणी भेटलं नाही. आणि गंमत बघा, ते मशीन आलं तेव्हा आकाशवाणीवर साध्या पेटीला बंदी होती. १९४० पासून १९७१ पर्यंत. का, तर पेटीचे सूर ठरलेले, तिच्यातून मींड निघत नाही. आपल्या भजनी मंडळाचा सगळा संसार त्या पेटीवर चाललेला!

असो. मला सांगायचंय ते हार्लेमचं.

न्यूयॉर्कमधली काळ्या माणसांची वस्ती ती. १९६४ साली तिथल्या काही पोरांना पोलिसांनी उचललं आणि ठाण्यात तुडवलं. त्यातला एक डॅनियल हॅम, अठरा वर्षांचा. दवाखान्यात कुणाला नेणार? ज्याचं रक्त दिसेल त्याला. हॅमचं रक्त आत साकळलेलं, बाहेर काहीच नाही. तेव्हा त्या पोरानं स्वतःच्या हातानं जखम दाबून फोडली, रक्त काढून दाखवलं. हे त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं. ती ध्वनिफीत ट्रूमन नेल्सन या कार्यकर्त्यानं स्टीव्ह राइश या संगीतकाराकडे दिली. १९६६ साली राइशनं हॅमचं एक वाक्य घेतलं. आधी ते तीनदा जसंच्या तसं ऐकू येतं. मग शेवटचे पाचच शब्द दोन मशीनवर गोल फिरत राहतात. सुरुवातीला दोन्ही जोडीनं चालतात, मग एक हळूच मागं पडतं. एका आवाजाचे दोन होतात, चार होतात, आठ होतात. तेरा-एक मिनिटांनी शब्द उरतच नाहीत. नुसता घुमार. ‘कम आउट’ त्याचं नाव. त्या पोरांचा खटला पुन्हा चालावा म्हणून पैसा उभा करायला न्यूयॉर्कमध्ये जो कार्यक्रम झाला, त्यात ती पहिल्यांदा वाजली.

मी ती पहिल्यांदा रात्रपाळी संपवून गोदीच्या भिंतीला टेकून ऐकली. अंगावर काटा आला. म्हटलं, हेच करायचं.

माझा बाप सालदार होता, तुम्हाला माहीत आहे. तो गेल्यावर त्याचा आवाज म्हणून माझ्याकडे एकच निरोप उरला, मोबाइलवर पाठवलेला. चाळीस सेकंद. सोयाबीनला भाव नाही, तुरी बऱ्या आहेत, आणि शेवटी, “पैशे पाठवू नोको, तू तुयं पाह्य.” बस. मी तो ‘पाह्य’ घेतला. राइशसारखा दोन बाजूंनी फिरवला. पाह्य, पाह्य, पाह्य. एक बाजू मागं सरकली तसा ‘पा’ झिजत गेला, आणि पाचव्या मिनिटाला नुसतं ‘हाय, हाय, हाय’ राहिलं. मी खूश! बापाच्या काळजीतून सगळ्या जातीचा आक्रोश निघाला, असं मी त्या रात्री वहीत लिहिलं. अशी वाक्यं आपल्याला फार पटकन सुचतात.

गावी आलो, आईला ऐकवलं. ती पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाली, “तुया बाप जिंदगीत कदी हाय-हाय नाई करे. तुनं त्याले कन्हाले लावलं. काहून?”

दोस्तहो, याला उत्तर काय द्यायचं? मी गप्प.

तेव्हापासून मी ‘कम आउट’ वेगळ्या कानानं ऐकतो. राइशचं काम मोठं आहे, खटल्यासाठी केलेलं आहे, हे मी विसरत नाही. पण नाव राइशचं झालं, आणि हॅमची बरीच वर्षं तुरुंगात गेली. ज्यांचे शब्द हजार वर्षं ऐकले गेलेत त्यांनी खुशाल शब्द विरघळवावेत. आमचं वाक्य अजून एकदाही धड पूर्ण ऐकलं गेलं नाही, आणि आम्हीच त्याचा घुमार करायला निघालो?

मग काय, मशीन फेकून द्यायचं? नाही. गोदीत रोज बघतो. खाली फाळक्यात उभा असलेला माणूस ओरडतो ‘हबेस’, की क्रेनचा हुक वर. ‘आऱ्या’, की खाली. हे जुने खलाशी शब्द. आता वॉकीटॉकी आल्यात, हाताच्या खुणा आहेत, तरी जुनी माणसं तेच ओरडतात. वीस टनांचं मशीन माणसाच्या आवाजाकडे कान लावून उभं असतं. आणि त्याहून जुनं आपल्या घरातलंच आहे. पोवाड्यात, जलशात शाहिराच्या मागं झीलकरी असतात. शाहीर ओळ टाकतो. ओळ संपली की तिचा शेवटचा सूर झीलकरी उचलतात, जी जी करत लांबवतात, शाहिराला दम घ्यायला जागा देतात. बतावणी सुरू झाली की गप्प. बोलणं आणि वाजवणं एकाच फळीवर. १९३० नंतरच्या दशकात भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले ते याच बांधणीवर. म्हणून मी ठरवलं, मशीनला शाहीर करायचं नाही. त्याला झीलकरी करायचं.

‘प्युअर डेटा’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. मॅट्रिक झालेल्या माणसाला जमतो, वेळ लागतो इतकंच. मी त्याला सांगितलं, बोलणाऱ्याचा सूर मोज, बोलणं थांबलं की शेवटचा सूर उचल आणि त्यावर आपलं काहीतरी बांध, पुन्हा बोलणं सुरू झालं की सोड. आई आणि मावशी ओसरीवर बसल्या, बापाबद्दल बोलत. किती थांबलं म्हणजे ‘थांबलं’? मी अर्धा सेकंद ठेवला होता. मुंबईचा हिशेब! आई दम घ्यायला थांबली की मशीन घुसायचं. तिसऱ्यांदा ती चिडली, “थांब न बावा, माह्यं बोलनं सरलं नाई!” ते फितीत ठेवलंय. मग अडीच सेकंद केले, तेव्हा दोघींचं जुळलं. तिघींचं म्हणा.

एका जागी मात्र आई सात सेकंद गप्प आहे. तिथं मी मशीन हातानं बंद ठेवलं.

ही फीत मी एका रेडिओ केंद्रावर नेली होती. तिथल्या साहेबांनी कौतुक केलं आणि दोन दुरुस्त्या सांगितल्या. भाषा जरा शुद्ध करा, आणि ते सात सेकंद भरून काढा, रेडिओत त्याला डेड एअर म्हणतात. मेलेली हवा! मी फीत उचलली आणि बाहेर पडलो.

हवा कुणाची, याचा निकाल लागलेला आहे. ९ फेब्रुवारी १९९५ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. २००६ पासून नोंदणीकृत संस्थांना सामुदायिक रेडिओ मागता येतो. एकट्यादुकट्याला नाही, राजकीय पक्षालाही नाही. तेलंगणात जहिराबादजवळ माचनूरला २००८ पासून ‘संगम रेडिओ’ उभा राहिला, तो दलित बायांनी चालवून दाखवला. त्यांची बोली, त्यांचं बी-बियाणं, त्यांचीच गाणी. दहा-पंधरा किलोमीटर आवाज जातो. नांदगावपासून तेवढं अंतर मोजा, किती वस्त्या येतात बघा. संस्था काढायची असेल तर त्याचं बोलणं नंतर, चहाच्या वेळी.

आज आपल्याकडे हा भोंगा आहे, तेवढा पुरे. आई मागं बसलीय. तिला विचारूनच आणलंय. तिची एक अट आहे, मधे टाळ्या नकोत.

तो पंखा बंद करा जरा. सात सेकंद येतील तेव्हा भोंगा बिघडला म्हणून कुणी उठू नका.

लाव रे.