भाष्यकार मा. गो. वैद्य

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त अरेरा कॉलोनी, भोपाळ येथे दिलेले व्याख्यान)



मी एखाद्या कवीवर बोलावे अशी पदाधिकाऱ्यांची इच्छा होती. मी मात्र माधव गोविंद वैद्य हा विषय मागून घेतला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला आली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि पुष्कळ मराठी कारकून फाइलींच्या पेट्यांबरोबर येथे उतरले. माझे वडील त्यांतलेच. नागपूरचा 'तरुण भारत' आमच्या घरी शिळा होऊन येई, तरी वडील तो अग्रलेखापासून वाचीत. वैद्यांची आणि माझी ओळख त्या शिळ्या अंकांतली. मी संघाचा स्वयंसेवक कधीच नव्हतो, हे आधीच सांगितलेले बरे.

वैद्यांचा जन्म ११ मार्च १९२३ चा, वर्धा जिल्ह्यातील तरोडा या गावचा. संस्कृत घेऊन ते एम. ए. झाले आणि १९४९ पासून १९६६ पर्यंत नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात संस्कृत शिकवीत राहिले. स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याच्या नावाचे ते महाविद्यालय आणि तेथे संघाचा हा निष्ठावंत प्राध्यापक! आज ही गोष्ट अनेकांना नवलाची वाटेल. त्या काळच्या नागपुरात तिचे फारसे नवल नसावे. १९६६ मध्ये प्राध्यापकी सोडून ते 'तरुण भारत'मध्ये आले व पुढे संपादक झाले. १९७८ ते १९८४ ते विधान परिषदेचे राज्यपालनियुक्त सदस्य होते. संघाचे पहिले अधिकृत प्रवक्ते म्हणून देशाला ते नंतर माहीत झाले. पण ही पदे बाजूला ठेवून त्यांच्या लेखणीकडे पाहावे, असे मला वाटते.

वर्गातील प्राध्यापक त्या लेखणीतून कधी गेलाच नाही. वादाला हात घालण्यापूर्वी ते शब्दाचा अर्थ ठरवून घेत. राज्य ही राजकीय व्यवस्था, ती कायद्याने चालते. राष्ट्र म्हणजे लोक. धर्म म्हणजे 'रिलिजन' नव्हे. हे भेद त्यांनी इतक्या वेळा मांडले की वाचकाला ते पाठ झाले. विरोधकाचे म्हणणे आधी मांडायचे आणि मग खोडायचे, ही शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्षाची शिस्त होय. वर्तमानपत्री मजकुरात ती दुर्मीळ.

याच ठिकाणी माझा त्यांच्याशी मतभेद आहे. 'हिंदू' हा शब्द राष्ट्रवाचक आहे, पंथवाचक नाही, असे व्याख्येने सिद्ध करता येते. परंतु ज्याला तो शब्द आपला वाटत नाही, त्याचे समाधान व्याख्येने होत नाही. नागरिकत्वाला राज्यघटना पुरेशी असताना राष्ट्राला आणखी एका नावाची गरज का पडावी, या प्रश्नाचे मला पटेल असे उत्तर त्यांच्या लेखनात मला सापडले नाही. वडिलांना ते सापडले होते. आमच्या घरात यावरून पुष्कळ जेवणे थंड झाली.

मात्र आपल्या माणसांना रुचेल तेवढेच लिहावे, हा हिशेब त्यांनी केला नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये नितीन गडकरींविरुद्धच्या मोहिमेमागे नरेंद्र मोदी असावेत, असा संशय त्यांनी लेखातून व्यक्त केला, आणि स्वकीयांनीच त्यापासून अंतर राखले. पुराव्यावाचून संशय छापणे त्यांच्यासारख्या तर्कशुद्ध माणसाला शोभले नाही, असे माझे मत आहे. धैर्य होते, हेही तितकेच खरे.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते राज्यांविषयीचे त्यांचे मत. गजानन त्र्यंबक माडखोलकर 'तरुण भारत'चे संपादक होते. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष, आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी त्याच संमेलनात झाली. त्याच पत्राच्या खुर्चीवर पुढे बसलेल्या वैद्यांनी २०१६ मध्ये महाराष्ट्राची चार राज्ये करावीत, असे सांगितले! राज्याची लोकसंख्या तीन कोटींहून अधिक नसावी आणि पन्नास लाखांहून कमी नसावी, हा त्यांचा निकष. मराठी माणसाची अनेक राज्ये झाली म्हणून मराठीपण तुटत नाही, ही भूमिका त्यांच्या राज्य-राष्ट्र भेदातूनच येते. फाजल अली आयोगानेही १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती मान्य झाली असती, तर नागपूर पुन्हा राजधानी झाले असते, आणि आपल्यातले कितीजण येथे राहिले असते, कोण जाणे.

वैद्य १९ डिसेंबर २०२० रोजी नागपुरात वारले. वय ९७ वर्षांचे. चार राज्यांची बातमी आली त्या दिवशी आपल्या वाचनकक्षात १९५६ साली लहानपणी येथे आलेले एक वृद्ध सभासद बसले होते. वर्तमानपत्र घडी करून त्यांनी मला विचारले, "राजधानी एकदा हलली, तेव्हा माझी शाळा सुटली. आता चार झाल्या, तर हलायचे कुणी?"