सोलून काढतां येणारा रंग

मोटारसायकल घेतांना तरुण माणूस तिच्या यंत्राइतकाच तिच्या रंगाचाहि विचार करतो, आणि वर्षभरांत त्याच रंगाला विटतो. पूर्वीं अशा माणसापुढें दोनच मार्ग असत. एक तर आहे त्या रंगावर समाधान मानावयाचें, नाहीं तर सगळे भाग सुटे करून, जुना रंग खरवडून, कारागिराकडून नवा चढवून घ्यावयाचा. दुसरा मार्ग खर्चाचा तर खराच. पण कारखान्यांत भट्टीवर पक्का केलेला मूळचा रंग एकदां गेला म्हणजे तो पुन्हां येत नाहीं, आणि पुढें गाडी विकावयाची वेळ आली कीं गिऱ्हाईक त्या नव्या रंगाकडे संशयानें पाहूं लागतें.

अमेरिकेंत या पेचांतून तिसरी वाट निघाली. तेथील मिनेसोटा राज्यांतील ‘प्लॅस्टी डिप’ नांवाच्या रबरासारख्या द्रव्याचा आरंभ १९७२ सालचा. त्याचा मूळचा उपयोग अगदीं साधा होता. पकडी, पाने असल्या हत्यारांच्या मुठी त्यांत बुडवावयाच्या, म्हणजे सुकल्यावर त्यांवर मऊ आवरण बसे व हात घसरत नसे. पुढें तेंच द्रव्य फवाऱ्याच्या डब्यांतून मिळूं लागलें, आणि लोक तें मोटारींच्या चाकांवर व मोटारसायकलींच्या अंगावर रंग म्हणून फवारूं लागले. कंटाळा आला कीं नखानें कड उचलावी आणि केळ्याची साल काढावी तसा सगळा रंग ओढून काढावा. खालीं मूळचा रंग होता तसाच.

कल्पना अगदींच नवी नव्हे. १९४५ सालीं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन आरमारानें शेंकडों जहाजें राखीव म्हणून बांधून ठेवलीं, तेव्हां त्यांवरील तोफांना दमट हवेपासून जपण्यासाठीं प्लॅस्टिकचा पडदा फवारून त्यांभोंवतीं जणूं कोश विणण्यांत आले होते. १९५० मध्यें कोरियाचें युद्ध पेटलें, त्यांतलीं कित्येक जहाजें पुन्हां समुद्रावर आलीं, आणि ते कोश फाडून टाकण्यांत आले. तेथें हेतु संरक्षणाचा, येथें हौसेचा, तत्त्व एकच.

तें तत्त्व समजल्याशिवाय डबा हातीं घेणें बरें नव्हे. नांव रबराचें असलें तरी हा झाडाचा चीक नव्हे. कृत्रिम रबर चटकन् उडून जाणाऱ्या द्रावकांत विरघळविलेलें असतें. फवारतांच द्रावक हवेंत जातो, रबर मागें राहतें. साधा रंग पृष्ठभागाला घट्ट धरून बसावा म्हणूनच केलेला असतो. येथें उलट आहे. पापुद्र्याची खालच्या पृष्ठभागावरील पकड थोडी, आणि त्याच्या कणांची आपसांतली पकड मोठी. म्हणून ओढला असतां तो तुटण्याऐवजीं सुटतो. अर्थात् त्याला ओढ सोसण्याचें बळ हवें, आणि तें बळ जाडीनें येतें.

बहुतेकांची फसगत होते ती येथेंच. पुढें काढावयाचाच आहे, मग थोडक्यांत भागवूं, असा काटकसरीचा विचार मनांत येतो. दोन हात दिले कीं रंग डोळ्यांना पुरा दिसतो, आणि उरलेला डबा फडताळांत जपून ठेवला जातो. सहा महिन्यांनीं सोलूं जावें तों पापुद्रा बोटाबोटाएवढ्या तुकड्यांनीं फाटूं लागतो, आणि मग सारा रविवार चिंधीनें घांसण्यांत जातो. यावर उपाय आहे, पण तो ऐकून कोणालाहि हसूं येईल: जो रंग काढावयाचा त्यावरच त्याच रंगाचे आणखी तीनचार हात फवारावे, ते चांगले सुकूं द्यावे, आणि मग सोलावें. जुना पातळ थर नव्याशीं एकजीव होऊन त्याच्याबरोबर निघून येतो. आरंभींच पांचसहा हात दिले असते तर हा व्याप पडला नसता. विशेषतः कडांवर रंग कमी पडतो, आणि सोलण्यास आरंभ तर कडेपासूनच करावयाचा असतो.

बाकीची रीत अवघड नाहीं, सबूर मात्र हवी. गाडी धुवून तिच्यावरील तेल, मेण व साखळीचें वंगण पूर्णपणें पुसून काढावें. ब्रेकच्या चकत्या, टायर, दिवे व धुराची नळी कागदानें झांकलीच पाहिजेत. ब्रेकच्या चकतीवर रबराचा थर बसणें म्हणजे जिवाशीं खेळ होय. पहिला हात इतका विरळ असावा कीं खालचा रंग निम्माशिम्मा दिसत राहावा. पुढील प्रत्येक हातापूर्वीं पंधरावीस मिनिटें थांबावें. चिकटपट्टी शेवटचा हात ओला असतांनाच काढावी, नाहीं तर तिच्याबरोबर नव्या रंगाची कडहि येते. मुंबईच्या किंवा कोंकणांतल्या पावसाळ्यांत हें काम काढूं नये. दमट हवेनें रंगावर पांढुरकी झांक येते. द्रावकाची वाफ पेट घेणारी आणि डोकें भणाणून सोडणारी असते. तेव्हां घराच्या बंद पडवींत, शेगडीच्या आसपास, नाकाला नुसता रुमाल बांधून हा उद्योग करणें शहाणपणाचें नव्हे.

मोटारसायकलीची अशी एक अडचण मोटारीला फारशी जाणवत नाहीं. ती पेट्रोलच्या टाकीची. मोटारींत टाकी दडलेली असते. येथें ती स्वाराच्या गुडघ्यांमध्यें, सर्वांत आधीं नजरेंत भरणारी, आणि खटाटोप बहुधा तिच्याचसाठीं चाललेला. पण जें रबर द्रावकांत विरघळतें तें पेट्रोलनेंहि मऊ पडतें. पंपावर चार थेंब सांडले आणि स्वारानें सवयीनें चिंधी फिरविली, कीं तेथील रंग सुरकुतून निघालाच. सांडलें तर हात न लावतां तें उडून जाऊं द्यावें. मऊ झालेला पापुद्रा बहुधा पुन्हां बसतो. त्यांतून गुडघ्यांचें रोजचें घर्षण आहेच. खरें पाहतां टाकी मूळच्या रंगांत राखून बाजूचीं झांकणें, मडगार्ड व चाकें एवढ्यांवरच हौस भागवावी हें उत्तम. गाडी दुरंगी दिसते, पण वाईट दिसत नाहीं.

भारतांत नोंदणीपत्रावर गाडीचा रंगहि लिहिलेला असतो. रबराचा रंग उद्यां निघणार असला तरी आज तो कागदाशीं जुळत नाहीं, एवढेंच नाक्यावरच्या पोलिसाला दिसतें. आणि चोरीच्या गाडीचा तपास चालूं असेल तर हा फरक क्षुल्लक राहत नाहीं. तेव्हां सगळ्या गाडीचा रंग पालटावयाचा असल्यास परिवहन कार्यालयाला रीतसर कळवावें.

सोलण्याचें कामहि फार लांबवूं नये. वर्षानुवर्षें ऊन खाल्लेला पापुद्रा ठिसूळ होतो. खालचा रंग गंजानें आधींच फुगलेला असेल तर तोहि पापुद्र्याबरोबर निघतो. तसें नसेल तर खालचा रंग बहुधा ताजातवाना सांपडतो. आणि उघड्या राहिलेल्या टाकीवरचा तोच रंग मधल्या काळांत उन्हानें फिकटला असल्यास, दोहोंतला फरक त्या दिवशीं प्रथम मालकाच्या लक्षांत येतो.