विचारून घेतलेला चेहरा



गिरण्यांत राबणाऱ्या मुलांची छायाचित्रे घेणारे लुईस हाइन न्यूयॉर्कच्या शाळेत छायाचित्रण शिकवीत. त्यांचा विद्यार्थी पॉल स्ट्रँड पुढे आपले काम आल्फ्रेड स्टिग्लिट्झना दाखवी. ते म्हणाले, या धूसर भिंगातून गवत, पाणी, झाडाची साल सारे सारखेच दिसते. स्ट्रँडने ते मानले. १९१६ साली त्याने रस्त्यावरची अंध फेरीवाली टिपली. गळ्यात ‘आंधळी’ अशी पाटी, छातीवर परवान्याचा बिल्ला. चित्र थोर आहे. पण तिला न विचारता घेतलेले. आम्ही चळवळवालेही कामगाराचा चेहरा असाच परस्पर वापरतो. गुरूची टीका ऐकावीच. पण ज्याचा चेहरा घेतला, त्याची आधी ऐकावी, एवढेच माझे सांगणे.