ज्वालामुखीची सावली



दिवसभराच्या उन्हाने तापलेल्या या मैदानावर आम्ही आज आपणांस थंडीची हकीकत सांगणार आहोत. आणि तीही आगीच्या पोटी जन्मलेल्या थंडीची!

१८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातील सुंबावा बेटावरचा तांबोरा पर्वत फुटला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या ईशान्य भागात ऐन जूनमध्ये बर्फ पडले. पश्चिम युरोपात पाऊस व गारठा यांनी पिके बुडाली, धान्य कडाडले, माणसे उपाशी राहिली. ज्यांची शेते गेली त्यांपैकी कितीजणांनी तांबोऱ्याचे नाव तरी ऐकले असेल?

हे घडले कसे? पुष्कळांना वाटते, राखेने ऊन अडवले. पण राख जड. ती थोड्याच दिवसांत खाली बसते. खरा कर्ता गंधकाचा वायू. मोठ्या स्फोटात तो ढगांच्याही वर, स्थितांबरात जातो. तेथे त्याचे गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब बनतात. त्यांना धुऊन काढणारा पाऊस तेथे नाही, म्हणून ते वर्ष-दोन वर्षे तरंगत राहतात. या मांडवाचेच उदाहरण घ्या. दुपारी खाली सावली असते, पण वरचे कापड मात्र तापते. तसेच येथे होते. थेंब काही ऊन परतवतात, त्यामुळे भूपृष्ठ निवते. आणि स्वतः उष्णता शोषतात, त्यामुळे स्थितांबर तापते.

याची मोजदाद झाली ती फिलिपाइन्समधील पिनातुबोच्या वेळी. १५ जून १९९१ च्या स्फोटाने सुमारे दीड ते दोन कोटी टन गंधक-वायू वर फेकला. जेम्स हॅन्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर गणित मांडून सांगितले, की पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरेल. १९९२ साली जवळजवळ तसेच झाले. मग थेंब गळून गेले, आणि पारा पुन्हा चढला.

आता कोणी म्हणेल, 'बरे झाले! पृथ्वी तापते आहे, तर ज्वालामुखीच तिला निववतील.' हा भरवसा खोटा आहे. गंधकाचा पडदा दोन-तीन वर्षांत विरतो. आपण जाळलेल्या कोळशाचा व तेलाचा कर्बवायू मात्र शतकानुशतके मागे उरतो. शिवाय ती सावली फुकट मिळत नाही. १८१६ साली तिची किंमत उपाशी माणसांनी मोजली.

अर्धा अंश म्हणजे आपल्याला क्षुल्लक वाटतो. पण सगळ्या पृथ्वीची सरासरी एवढीशी ढळली, तरी कोठेतरी कोणाचे तरी शेत बुडते. ती अर्ध्या अंशाने खाली गेली तर काय होते, हे ज्वालामुखींनी दाखवले. ती वर नेण्याचे काम आज आपणच करीत आहोत, याचा विचार घरी जाताना आपण करावा, एवढीच आमची विनंती.