उन्हाळ्यातील आगगाडी आणि मित्रांची घरे



रेल्वेच्या नकाशावर ज्या स्टेशनाच्या नावापुढे 'रोड' हा शब्द लागतो, तेथे उतरणाऱ्याने एक गोष्ट समजून घ्यावयाची असते : गाव अजून दूर आहे. 'भंडारा रोड' हे स्टेशन वस्तुतः वरठीला आहे आणि तेथून भंडारा शहर सुमारे दहा किलोमीटरवर. 'तुमसर रोड' देव्हाडीला. तुमसर गाव पुढे. १८८० च्या सुमारास नागपूरहून छत्तीसगडकडे लोहमार्ग टाकणाऱ्या सरकारला तिकडचे धान्य बाहेर काढावयाचे होते. माणसांना त्यांच्या मित्रांच्या दारापर्यंत नेऊन पोहोचविणे हा त्या मार्गाचा हेतू कधीच नव्हता. ते उरलेले अंतर मित्रानेच भरून काढावयाचे. सायकल घेऊन स्टेशनावर येऊन थांबलेला मित्र हा या जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनातील एक संस्थाच होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

कार्यकर्त्याच्या भटकंतीचा महिना मे. शाळा बंद, त्यामुळे शिक्षक मोकळा. धानाची बांधी कोरडी पडलेली, त्यामुळे शेतकरी मोकळा. ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात असते, पण माणसे घरी सापडण्याचे दिवस तेच. गोंदियाहून सकाळची पॅसेंजर धरावी. गंगाझरी, काचेवानी, तिरोडा, मुंडीकोटा अशी थांबत थांबत ती वैनगंगेच्या पुलावर येते. खाली वाळूच अधिक आणि पाणी थोडे. मग तुमसर रोड, कोका, आणि भंडारा रोड. ज्या गाडीला घाईच नाही, तिच्यातील प्रवाशाला प्रत्येक स्टेशनावर कुणीतरी ओळखीचे भेटण्याची शक्यता असते. एक्स्प्रेस गाडी हे सारे अंतर तासाभरात कापते. परंतु तिच्या खिडकीतून काचेवानीच्या मित्राला हाक मारता येत नाही.

सगळीच माणसे मेमध्ये मोकळी असतात, असे मात्र नाही. तेंदूपत्त्याचा हंगाम याच दिवसांत येतो. पहाटे जंगलात जाऊन पाने तोडावयाची, ऊन चढण्यापूर्वी ओझे घरी आणावयाचे, आणि मग ओसरीवर सारे कुटुंब पुडकी बांधावयास बसते. एका पुडक्यात सत्तर पाने. संध्याकाळी ती फळीवर नेऊन मोजून द्यावयाची. अशा घरी गेलेल्या पाहुण्याने पन्हे पिऊन राजकारण सांगत बसावे, हे शोभत नाही. त्याने पाने जुळवू लागावे. सत्तराच्या मोजणीत चुकणाऱ्या पाहुण्याला घरातली लहान मुलगी हसते, आणि त्या हसण्यानंतर जे बोलणे होते ते कोणत्याही जाहीर सभेत होत नाही. मजुरीचे दर, फळीवर नाकारलेली पुडकी, बिडीच्या ठेकेदाराने काढलेली छाट, हे सारे तेथे कुणी न विचारता निघते.

या भेटीगाठींना पक्षकार्य म्हणावे की नाही, असा प्रश्न काही शिस्तप्रिय मंडळी विचारतात. त्यांच्यासाठी याच जिल्ह्यातील एका उन्हाळ्याची आठवण पुरेशी आहे. १९५४ च्या मे महिन्यात भंडारा लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक झाली. तेव्हा हा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते. मतदारसंघ द्विसदस्य, प्रत्येक मतदाराला दोन मते. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता, राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दोघांचे सहकार्य ठरले होते. दुसरे मत कुणालाच न देता ते वाया घालवावे, म्हणजे बाबासाहेबांचा विजय सुकर होईल, असा सल्ला त्यांच्या काही अनुयायांनी दिला होता. घटनेच्या शिल्पकाराला तो मानवला नाही. निकाल लागला तेव्हा अशोक मेहता निवडून आले होते आणि बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले होते. मेहतांना मते देणाऱ्या सर्वांनी आपले दुसरे मत बाबासाहेबांना दिले नाही, हे निकालच सांगतो.

समाजवादी कार्यकर्त्याने या निकालाकडे डोळेझाक करू नये. मेहतांचा विजय मिरवावा असा नव्हता. नेत्यांनी सहकार्य ठरविले, पत्रके निघाली, सभा झाल्या. परंतु एका वस्तीतील ओसरीवरून दुसऱ्या वस्तीतील ओसरीवर माणसे आधी कितीशी गेली होती? एकमेकांच्या घरचे पाणीही न प्यायलेल्या माणसांनी मतपेटीपाशी एकमेकांचे व्हावे, ही अपेक्षा एका महिन्याच्या प्रचाराने पुरी होणारी नव्हती. त्यासाठी आधीचे दहा-वीस उन्हाळे खर्ची पडावयास हवे होते.

म्हणून गरिबाच्या गाडीचे भाडे हा केवळ रेल्वेच्या अंदाजपत्रकातील आकडा नव्हे. २०२० साली साथीमुळे गाड्या थांबल्या. पुढे पॅसेंजर गाड्या परत आल्या त्या 'स्पेशल' होऊन, एक्स्प्रेसचे भाडे घेऊन. किमान तिकीट १० रुपयांवरून ३० वर गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा १० झाले, पण मधल्या काळात कोक्याहून वरठीला जाण्यासाठी तिप्पट पैसे मोजणाऱ्याने मित्रभेट हीच प्रथम कमी केली असणार. औषध आणि बाजार कमी करता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये काढून घेतली गेली. २०२५ पर्यंतही ती परत मिळालेली नव्हती. नागपूरहून उमरेड-भिवापूरमार्गे नागभीडला जाणारी छोटी गाडी रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. रुंदीकरण हवेच होते, त्याविषयी वाद नाही. छोट्या गाडीचे गोडवे बहुधा तिच्यातून रोज प्रवास न करणारेच गातात. पण नवा मार्ग होईपर्यंत त्या वाटेवरील माणसांनी काय करावे, याचा विचार करणे कुणाला आवश्यक वाटले नाही.

दूरच्या स्पेनचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. त्या देशाचा लोहमार्ग १६६८ मिलिमीटर रुंदीचा, भारताच्या रुंद मार्गाहून अवघा आठ मिलिमीटरनी अरुंद. फ्रान्सचा त्याहून पुष्कळच अरुंद, त्यामुळे सरहद्दीवर गाडी बदलणे तेथील प्रवाशांच्या कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडले होते, जसे ते गोंदियाला जबलपूरची छोटी गाडी धरणाऱ्यांच्या पडले होते. १९९२ मध्ये माद्रिद-सेव्हिल वेगवान गाडी सुरू झाल्यापासून तेथेही पैसा वेगाकडेच वळला. तथापि महागाईच्या काळात, सप्टेंबर २०२२ पासून, तेथील समाजवादी पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकारने उपनगरी आणि मध्यम अंतराच्या गाड्यांचे पास नियमित प्रवाशांना मोफत दिले. १० किंवा २० युरो अनामत तेवढी भरावयाची, आणि ठरावीक फेऱ्या केल्या की ती परत. २०२३ च्या उन्हाळ्यात १८ ते ३० वयाच्या तरुणांना मध्यम अंतराच्या गाड्यांवर नव्वद टक्के सवलत मिळाली. सुटीत तरुणाने एका शहरातून दुसऱ्या शहरातील मित्राकडे जावे, यासाठी सरकारने पैसा खर्च करावा, हा विचार भारतातील अर्थतज्ज्ञांना उधळपट्टी वाटेल. वरठीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला तो तसा वाटणार नाही.

भंडारा जिल्ह्यातील जुन्या कार्यकर्त्यांचे मित्र आता सत्तरी ओलांडलेले आहेत. कुणी तिरोड्याला, कुणी तुमसरला, कुणी गोंदियात मुलाकडे. दूरध्वनीवर बोलणे होते, प्रकृतीची चौकशी होते, आणि "या एकदा" असे दोन्हीकडून म्हटले जाते. सायकल चालविणे आता मित्राला जमत नाही. नातू मोटारसायकल घेऊन स्टेशनावर येईल. गाडी कोणत्या फलाटावर लागते, जिना चढावा लागेल काय, एवढेच पाहुण्याने आधी विचारून ठेवलेले असते.