पोषाखाचे धाडस
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला, ‘मुंबईतील फॅशनचा सोहळा’. रिसोडच्या बाजारात एक पातळ पसंत करायला जिला दोन तास लागतात, तिने फॅशनवर बोलावे, ही मौजच! पण पाहून आले आहे, तेव्हा जसे दिसले तसे सांगते.

माझी भाची मुंबईत शिवणकला शिकते. तिच्याबरोबर मागल्या वर्षी लॅक्मे फॅशन वीकमधील एक कार्यक्रम पाहण्याचा योग आला. मधोमध लांब वाट, दोन्ही बाजूंना खुर्च्या आणि डोळे दिपवणारे दिवे. मुली येतात, चालून जातात. हसत मात्र नाहीत. मला वाटले, यांना कुणी रागावले की काय! काही पोषाख असे की, हे अंगात घातले कसे आणि काढायचे कसे, याचाच मी विचार करीत बसले. पंधरावीस मिनिटांत सारे आटोपले.

पण तेवढ्यात एक मुलगी खणाचा पायघोळ झगा घालून आली. माझ्या आईच्या चोळीचा तो गुळेदगुड्डचा खण! मी खुर्चीतून अर्धी उठलेच. भाचीने सांगितले की, हातमागाच्या कापडाला आता मोठा मान आहे. मूळच्या विदिशाच्या वैशाली षडांगुळे याच कापडाच्या बळावर २०२१ साली पॅरिसच्या हॉट कुतूर सप्ताहापर्यंत गेल्या. तिथे आपले काम मांडणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री.

धाडसी पोषाख म्हटले की आपल्याला तोकडे कपडे आठवतात. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोषाखात दिसल्या, तेव्हा केवढा गहजब झाला! पण १८८५ साली फिलाडेल्फियात काढलेले आनंदीबाई जोशींचे छायाचित्र पाहा. शेजारी जपानची आणि सीरियाची विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशाच्या वेषात. परक्या मुलखात लुगडे न सोडणे हेही धाडसच होते. म्हणजे कापड किती, हा प्रश्नच नाही. ते कुणी ठरवले, हा खरा प्रश्न.

आता माझे सांगते. यजमान गेले त्याला सहा वर्षे झाली. तेव्हापासून मी फिकट रंगच नेसत आले. कुणी सक्ती केली नाही. पण ‘असे नको’ असेही कुणी म्हटले नाही. मुंबईहून परतल्यावर कपाट उघडले. त्यांनीच आणलेले अंजिरी पातळ घडीसुद्धा न मोडता पडले होते. ते नेसून मी संक्रांतीला आपल्याच मंडळाच्या हळदीकुंकवाला आले. तिळगूळ मिळाला, वाण मिळाले. कुंकवाची कोयरी मात्र माझ्यासमोरून पुढे गेली.

भगिनींनो, मी रागावून बोलत नाही. हात सवयीने वळतो. ज्या ताईंच्या हाती कोयरी होती, त्याच दुसऱ्या दिवशी घरी आल्या आणि डोळ्यांत पाणी आणून बसल्या. इतकी वर्षे मीही असाच हात वळवीत होते, हे मला तेव्हा आठवले.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनानेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसेच करण्यास सांगितले. एका खेड्याला जे जमले, ते आपल्या मंडळाला का जमू नये? माझी सूचना एवढीच, की येत्या संक्रांतीला कोयरी प्रत्येकीसमोर थांबावी आणि खणही प्रत्येकीच्या ओटीत पडावा. घ्यायचे की हात जोडायचे, हे जिचे तिने ठरवावे.

आज मी तेच अंजिरी पातळ नेसून आले आहे. कसे दिसते ते चहाच्या वेळी सांगा. पण खरे सांगा!