मागच्या चाकाची घरघर

महिंद्राच्या नाशिक कारखान्यात तयार होणारी बोलेरो २००० साली बाजारात आली. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात ती आजही जागोजागी दिसते. मागे सलग एक्सल आणि कमानपाटे असल्यामुळे ती ओझ्याला दबत नाही. पण मागच्या चाकांचा भार पेलतात एक्सलच्या टोकांची बेअरिंग.

बेअरिंग झिजलं की वेगाबरोबर वाढणारी घरघर येते. मोकळ्या रस्त्यावर गिअर न्यूट्रल केल्यावरही ती टिकली, तर इंजिनावर संशय नको. गुळगुळीत डांबरावर आवाज एकदम उतरला, तर आधी टायर पाहावेत.

मग गाडी जॅकवर, पण स्टँडच्या आधारानेच. चाक हलवून प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघायचा, फिरवून खरखर ऐकायची. ड्रममध्ये तेल दिसलं, तर ऑइल सील गेलेलं असतं. तेलकट ब्रेक हा खरा धोका.

बेअरिंग बदलायचं तर ड्रम आणि रिटेनर प्लेटचे बोल्ट काढून एक्सल शाफ्ट ओढतात. बेअरिंगला शाफ्टवर धरून ठेवणारी जुनी कडी ग्राइंडरने खाच पाडून छिन्नीने फोडतात. शाफ्टला ओरखडाही जाता कामा नये. नवं बेअरिंग हातोडीने ठोकू देऊ नये. ते प्रेसवर, फक्त आतल्या रिंगवर दाब देऊन बसवावं. सील आणि कडी नवीच घ्यावी, शेवटी डिफरन्शियलमधल्या तेलाची पातळी तपासावी.